खिशातला हात

खिसेभाऊ फोटो काढायचे ते पँटच्या उजव्या खिशात हात घालून. कॅमेरा तिपाईवर, भाऊ त्याच्या शेजारी दोन पावलांवर उभे, आणि कॅमेऱ्याच्या कुशीतून निघालेली काळी वायर थेट त्यांच्या खिशात गेलेली. त्या वायरीच्या टोकाला एक छोटं बटण होतं. खिशातल्या खिशात ते दाबलं की इकडे फोटो निघायचा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस एसटीची वाट बघत उभा आहे आणि एसटी काही आज येत नाही. हे वाचून ज्यांना हसू येत असेल त्यांनी खुशाल हसावं. शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात पुष्कळ जण हसून झालेत. त्या सगळ्यांवर माझा राग आहे, काहींवर थोडा आणि एका बाईवर फार. त्या बाईबद्दल पुढे येईलच.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा शहापूर-मुरबाड रस्त्यापासून आत, जीपमधून उतरल्यावर वीस मिनिटं चालायचं. दरवर्षी सातवीच्या मुलांचा निरोपाचा फोटो असतो, तो काढायला भाऊ मुरबाडहून यायचे. त्यांचा स्टुडिओ स्टँडमागच्या गल्लीत होता. पाटीवर त्यांचं खरं नाव होतं, पण ते वाचून कोणी त्यांना हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. मोठ्यांचे ते खिसेभाऊ, पोरांचे खिसेकाका.

हात जेवढा गुपचूप, तेवढंच तोंड मोकळं. तीन रांगा लावताना त्यांचा आवाज मैदानाच्या पलीकडच्या खाचरात राबणाऱ्या बायांना ऐकू जायचा. "ए लाल रिबन, मान वर! तू गो, तिकडं काय वरात आलीय बघायला? आणि तू रे लंब्या, हललास तर फोटोत तुझ्या जागी भूत येईल. मग आयशीला सांगत बस, मी कुठला नि भूत कुठलं." 'हसा' असं ते कधी म्हणायचे नाहीत. उलट दरडावायचे, "हसू नका रे. हसण्यासारखं काय झालंय? आठवीत चाललाय, तिथं काय लाडू मांडून ठेवलेत?" मग कुठलं तरी पोर फिस्सकन हसायचं, त्याच्यामागे सगळी रांग, आणि भाऊ म्हणायचे, "झालं. उठा." पोरं गलका करायची, "काका, काढला कुठं अजून?" काढलेला असायचा. हात खिशात, तोंड चालू, त्यामुळे नेमका कधी काढला ते ब्रह्मदेवालाही कळत नसे.

हे फक्त पोरांपुरतं नव्हतं. एकदा भातसानगरच्या वसाहतीत कुणाच्या तरी निवृत्तीचा ग्रुप फोटो होता. माझा नवरा तेव्हा धरणावर कामाला, म्हणून मीही गेले होते. मोठे साहेब पाऊण तास उशिरा आले आणि खुर्चीवर बसून फोनवर बोलत राहिले. सगळे गप्प. भाऊ म्हणाले, "साहेब, पाणी तुमी मुंबईला सोडता, ते तुमच्या हातात हाय. ऊन नाय. ते चाललं डोंगरामागं. फोन ठेवा आणि हनुवटी खाली घ्या." साहेबांनी फोन ठेवला. हनुवटीही खाली घेतली. तो फोटो मी पाहिला आहे, त्यात साहेब एखाद्या शहाण्या विद्यार्थ्यासारखे दिसतात.

वायरीवरून त्यांना लोकांनी किती छळलं असेल, त्याला गणती नाही. हल्ली बिनवायरीची बटणं मिळतात, मोबाईलवरून कॅमेरा चालतो, हे त्यांना सांगणारा शहाणा दर कार्यक्रमाला एक तरी भेटायचा. भाऊ पिशवीतून वायर काढून दाखवायचे. तिची मान मोडली होती तिथे सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. "ही बघा. एक टोक कॅमेऱ्याकडं, एक माझ्याकडं. मधी कोण नाय. दाबलं की निघतो. तुमचं ते मोबाईलचं आधी जोडा, मग तुटलं म्हणून पुन्हा जोडा, तवर नवरीला पोर होईल." लोक हसायचे आणि विषय संपायचा. विषय संपावा म्हणूनच ते तसं बोलायचे, हे मला फार उशिरा कळलं.

कळलं ते असं. भाऊ फोटोच्या वेळेआधी तासभर येऊन बसायचे. "उजेड बघायला लागतो," म्हणायचे. एका वर्षी शाळेच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या म्हणून मीही लवकर गेले. व्हरांड्यात भाऊ माझ्याकडे पाठ करून उकिडवे बसले होते. एका हातात कॅमेरा, दुसऱ्यात वायरीचं टोक. कॅमेऱ्याला असलेल्या बारक्या भोकात ते टोक बसवायचं होतं. हात असा थरथरत होता की टोक भोकाच्या चारी बाजूंना टकटक आपटत होतं, आत काही जाईना. पाच वेळा, सहा वेळा. मी मागे उभी. शेवटी मला राहवेना. पुढे होऊन मी ते टोक घेतलं आणि बसवून दिलं.

भाऊंनी वर पाहिलं. मला वाटलं, आता आकाश कोसळणार. पण ते हळू आवाजात म्हणाले, "बघितलंत?"

"बघितलं."

"चार वर्षं झाली. कल्याणच्या डॉक्टरनं सांगितलं, वाढत जाणार. तिपाई आणि वायर हाय तवर माझा फोटो हलत नाय. हात हलू दे खिशात, त्याचं कुणाला काय?" हात खिशात सारत म्हणाले, "बाई, हे तुमी बघितलं नाय."

"नाही बघितलं, भाऊ," मी म्हणाले. मी शब्द दिला होता. हे नीट ध्यानात ठेवा, कारण मला ते विसरता येत नाही.

त्या दिवसानंतर त्यांच्या बाकीच्या तऱ्हाही उलगडल्या. कुणाच्या घरी गेले की "चहा नको, पित्त होतं" का म्हणायचे. स्कूटर का विकली. लोक म्हणाले, म्हातारा कंजूष आहे, तिपाई खांद्यावर टाकून एसटीनं हिंडतो. पैसे घेताना डावा हात पुढे करतो म्हणून एका यजमानीणबाईंनी त्यांना सुनावलंही होतं, आणि त्यांनी ते ऐकून घेतलं होतं. कंजूष म्हणा, उद्धट म्हणा, माजोरी म्हणा, सगळं त्यांना चालायचं. एक सोडून काहीही म्हणा.

मग माझ्या भाचीचं लग्न आलं. हॉल मुरबाडजवळचा, मुलाकडचे वाशिंदचे. त्यांनी कल्याणहून चार पोरं आणली होती, ड्रोन, दिवे, सगळा थाट. पण आमच्यात एक रीत आहे. लग्न लागलं की पंगत बसायच्या आधी अख्ख्या भावकीचा एक फोटो निघतो, मधे सगळ्यात वडील माणूस, आणि त्यात दोन्हीकडचे बसतात. आमच्या घरचा तो फोटो भाऊच काढायचे. माझ्या भावानं त्यांना मुद्दाम बोलावलं होतं.

भाऊंनी रांगा लावल्या. नवऱ्या मुलाचा मामा पहिल्या रांगेत बसला होता, अंगात कडक सफारी, हातात मोबाईल. तो ओरडला, "काय ओ, खिशात हात घालून? फोटो काढायला आलात की बागेत फिरायला?"

भाऊ म्हणाले, "पाव्हणे, फोटो माझ्या हाताचा नाय, तुमच्या तोंडाचा निघणार हाय. ते तेवढं बंद करा."

हॉलभर हशा. एवढ्यावर थांबलं असतं तर काय बिघडत होतं? पण मामाला लागलं. व्याह्यांच्या मांडवात एका तिपाईवाल्यानं आपल्याला गप्प केलं! तो उठला, तरातरा गेला आणि त्यानं भाऊंचं कोपर धरलं. "काढ हात बाहेर. बघू काय लपवलंयस. मोठा लाटसाहेब लागून गेलाय." आणि तो कोपर ओढायला लागला. भाऊ हात आत घट्ट दाबून उभे. तोंड बंद. त्या माणसाचं तोंड बंद झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. कल्याणची पोरं मोबाईलवर ते सगळं टिपत होती.

माझा राग मला आंधळं करतो. शाळेत मुलं म्हणतात, बाई तापल्या की पंखासुद्धा बंद होतो. मी खुर्चीवरून उठले आणि हॉल दणाणून ओरडले, "सोडा त्यांना! लाज नाही वाटत? माज नाही तो, आजार आहे! हात थरथरतात त्यांचे! कॅमेऱ्याला हात लावला तर कॅमेरा हलेल म्हणून ती वायर आहे! आणि थरथरत्या हातानं तो माणूस जो फोटो काढतो ना, तो तुमच्या त्या उडत्या पाखराच्या बापालाही जमणार नाही!"

मामानं कोपर सोडलं. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, जागेवर बसा." मी बसले. त्यांनी फोटो काढला. कोणी हसलं नाही, कोणी हललं नाही. एवढी शिस्त त्यांना उभ्या आयुष्यात मिळाली नसेल.

आणि मग दया सुरू झाली. देवा रे! तो मामाच सगळ्यात आधी हात जोडून आला, "काका, माफ करा, मला काय माहीत." कोणी खुर्ची आणली. कोणी तिपाई उचलली. एक बाई त्यांच्या तोंडापाशी पाण्याचा ग्लास घेऊन उभी, जणू बाळच ते. कल्याणच्या पोरांनी पाया पडून घेतलं. आणि मी? मी पाव तास मोठ्या तोऱ्यात बसले होते. मला वाटलं, मी जिंकले. पाहुण्यांना चांगला धडा शिकवला, माणसाची अब्रू राखली. मला त्या पाव तासाची जेवढी चीड येते तेवढी त्या मामाचीसुद्धा येत नाही.

निघताना मी त्यांना सोडायला रस्त्यापर्यंत गेले. आता आभार मानतील असं वाटत होतं, काय सांगू तुम्हाला. जीप आली. भाऊ चढायच्या आधी थांबले. "बाई, तो मला माजोरी म्हणत व्हता," ते म्हणाले. "ते बरं व्हतं." आणि जीप गेली.

आमच्या तालुक्यांत बातमीला पाय लागत नाहीत, पंख लागतात. आठवड्याभरात शहापूरपासून वाशिंदपर्यंत कळलं. ठरलेली लग्नं एकेक करून मोडली, म्हणजे लग्नं नाही, भाऊंची कामं. आणि तीही किती गोडीनं! "काकांना त्रास नको." "या वयात आराम करू द्या त्यांना." "आम्हालाच बघवत नाही हो." अरे, पण आजवर काय वाईट निघाला होता एखादा फोटो? आदल्या महिन्यात ज्या हातानं काढलेला फोटो तुम्ही दर्शनी भिंतीवर लावला, तोच हात ना हा? त्याच हाताची आता कीव? आमचे मुख्याध्यापकही मला म्हणाले, "बाई, यंदा मोबाईलवरच काढू. उगाच कुणाचे हाल कशाला?" मी त्यांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण रात्री कूस बदलताना मला कळत होतं की मी ओरडतेय भलत्याच माणसावर.

शेवटी मी मुरबाडला गेले. काकींनी, म्हणजे भाऊंच्या बायकोनं, दार उघडलं आणि आत बसवलं. भाऊ खाटेवर होते. हात बाहेर, मांडीवर, उघड्यावर थरथरत. चहा आला तर त्यांनी माझ्यासमोर तो घेतला, दोन्ही हातांनी ग्लास धरून. तरी थोडा सांडला. काकींनी पुसला.

"भाऊ, माझ्यावर ओरडा," मी म्हणाले. "शिव्या घाला. मी शब्द मोडला."

"ओरडून काय उपेग?" ते म्हणाले. "तुमचा जीव तुटला म्हणून बोललात. मला नाय काय कळत?"

"मग शाळेत या. सातवीचा फोटो तुम्हीच काढायचा."

त्यांनी मान हलवली. "नाय जमायचं, बाई. फोटोत काय लागतं ठाव हाय? चाळीस माणसांचे ऐंशी डोळे एका जागी लागतात. एवढ्यासाठीच मी बोंबलत व्हतो सगळा जन्म. माणसं माझ्या तोंडाकडं बघायची नायतर भिंगाकडं. आता हाताकडं बघतील."

"माझी पोरं नाही बघणार."

"पोरं बघणार. माणसं बघतात तर पोरं नाय बघणार?"

"मग खिशातच ठेवा हात, पूर्वीसारखा."

"आता खिसा हलताना बघतील," भाऊ म्हणाले.

यावर गप्प बसायला हवं होतं. पण मी हट्टी. माझ्यानं बिघडलेलं माझ्याच हातानं सुधारायला हवं, हा एकच घोष डोक्यात. मी म्हणाले, "भाऊ, एकही डोळा हलणार नाही. माझा शब्द." शब्द! दुसऱ्यांदा! काकींनी माझ्याकडे असं पाहिलं की मला उठून जावंसं वाटलं. पण भाऊ म्हणाले, "किती वाजता?"

आदल्या दिवशी मी सातवीच्या वर्गात दार लावून बोलले. "उद्या खिसेकाका येतील. त्यांच्या हाताकडे कोणी बघायचं नाही. जो बघेल त्याची खैर नाही. कॅमेऱ्याकडे बघायचं. कळलं?" कळलं बाई, सगळी म्हणाली. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "बाई, काकांच्या हाताला काय झालंय?" तिला तोवर काही ठाऊकच नव्हतं. निम्म्या वर्गाला नव्हतं. मी सांगितलं ना त्यांना! मीच!

भाऊ आले, नेहमीसारखे तासभर आधी. वायर मी बसवून दिली. पुढं भाऊ दोन वर्षं जगले, पण कॅमेऱ्याला त्यांनी परत हात लावला नाही. म्हणजे हा फोटो त्यांचा शेवटचा.

मुलं तीन रांगांत बसली. पहिल्या रांगेत खुर्च्यांवर आम्ही शिक्षक, मधोमध मी. भाऊ कॅमेऱ्याशेजारी उभे राहिले आणि त्यांनी उजवा हात खिशात घातला नाही. बटण मुठीत धरून तो छातीपाशी धरला, सगळ्यांना दिसेल असा. "हसू नका रे," ते म्हणाले. पूर्वीचाच आवाज, तेवढाच खणखणीत. "आठवीत काय लाडू..." कोणीही हसलं नाही. सगळी पोरं श्वास रोखून बसली होती, बाईंचा शब्द राखायला. भाऊंनी बटण दाबलं. "झालं. उठा."

मुलं उठून पळाली. भाऊंनी कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर फोटो पाहिला, बराच वेळ पाहिला. एरवी ते काढलेला फोटो कुणाला लगेच दाखवत नसत. त्या दिवशी त्यांनी मला बोटानं बोलावलं.

मी पाहिलं. तीन रांगा, चाळीस पोरं, आणि जवळजवळ सगळ्यांची नजर कॅमेऱ्याच्या जरा बाजूला, जरा खाली. एकाच जागी. माझं डोकं भणाणलं. "मूर्ख कार्टी," मी म्हणाले. "सांगून सांगून जीभ झिजली माझी. थांबा भाऊ, बोलावते परत एकेकाला, कान पिळून बसवते. परत काढा."

"पोरांवर नका ओरडू, बाई," भाऊ हळूच म्हणाले. त्यांनी वायर उपटली आणि गुंडाळायला घेतली. गुंडाळी हातातून सुटत होती, तरी मी पुढे झाले नाही. "पोरांनी केलं ते ठीक हाय. पयल्या रांगेत मधी बघा."

मी मधल्या खुर्चीवर पाहिलं. तिथे मी बसले होते, ताठ, नवी साडी नेसून, दोन्ही हात मांडीवर. आणि सगळ्या फोटोत सर्वांत स्पष्ट, सर्वांत एकटक, मीच त्यांच्या हाताकडे बघत होते.